कबुली कोणापुढे?

गोवा मुक्त झाला आणि आपल्या लेखी पोर्तुगीज सत्तेची गोष्ट १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. पोर्तुगालच्या लेखी मात्र तिचा सर्वांत रक्तरंजित भाग त्याच वर्षी सुरू झाला होता. १९६१च्या आरंभी अंगोलात सशस्त्र उठाव झाला. १९६३मध्ये गिनीत आणि १९६४मध्ये मोझांबिकमध्ये युद्धाचा वणवा पोहोचला. एप्रिल १९७४मध्ये लष्करानेच लिस्बनमधली हुकूमशाही उलथवली, तेव्हा कुठे ते थांबण्याची वाट मोकळी झाली. तेरा वर्षे पोर्तुगालमधले तरुण सक्तीच्या लष्करी सेवेत आफ्रिकेला जात राहिले. परतलेल्यांनी काय पाहिले, काय केले, यावर घराघरांत मौन होते.

हे मौन फोडणाऱ्या पुस्तकांत आंतोनियु लोबो आंतुनीश यांच्या १९७९च्या कादंबरीचे स्थान मोठे आहे. मार्गारेट जल कोस्टा यांच्या इंग्रजी अनुवादात तिचे नाव ‘द लँड ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड’ असे आहे. लेखक स्वतः १९७१ ते १९७३ या काळात अंगोलात लष्करी डॉक्टर होते आणि कादंबरीचा निवेदकही तसाच डॉक्टर आहे. लिस्बनच्या एका बारमध्ये भेटलेल्या अनोळखी स्त्रीला तो रात्रभर युद्धाची हकिकत सांगतो. प्रकरणांना शीर्षके नाहीत, फक्त मुळाक्षरे आहेत. जणू युद्धाने या माणसाला बाराखडीपासून पुन्हा बोलायला शिकवले आहे.

त्याचा गुन्हा काय? त्याने कोणाला गोळी घातलेली नाही. तो जखमा शिवतो, तुटलेले पाय कापतो आणि मेलेल्या पोरांचे डोळे मिटतो. सोफिया नावाची अंगोलन धोबीण त्याला त्या वैराण मुलखात माया देते. मग गुप्त पोलीस तिला उचलून नेतात. तो चौकशीला जातो, तेव्हा तिचे काय झाले हे त्याला हसत हसत सांगितले जाते. तो ऐकून घेतो आणि परत येतो. काहीच बोलत नाही.

माझ्या मते कादंबरीचा गाभा इथे आहे. सैनिकाच्या अपराधभावाविषयी बोलताना आपण बहुधा चाललेल्या बंदुकीचा विचार करतो. लोबो आंतुनीश न उघडलेल्या तोंडाविषयी लिहितात. पुढे ‘एस’ या अक्षराच्या प्रकरणात निवेदक त्या स्त्रीला बाहेरच्या खोलीत बसवून न्हाणीघरात जातो आणि तिथे मेलेल्या सोफियाशी बोलतो. रात्रभर चाललेली कबुली एकीपुढे होती. खरी कबुली दुसरीपुढे, दाराआड होते.

पण दोघींपैकी कोणीच उत्तर देत नाही. बारमधल्या स्त्रीचे शब्द लेखक आपल्यापर्यंत येऊच देत नाही आणि सोफिया तर मेलेलीच आहे. उत्तर न देणारा श्रोता असला की कबुली सोपी होते. तिला कोणी अडवत नाही, उलटतपासणी घेत नाही, ‘मग तू काय केलेस?’ असे विचारत नाही. सोफियाला आवाज असता तर ती माया होती की नाइलाज, हे तिनेच सांगितले असते. वसाहतीच्या काळात जिला कोणी विचारले नाही, तिला पश्चात्तापाच्या काळातही कोणी विचारत नाही. कादंबरीचे हे मोठे न्यून आहे. पण लेखकाला ते कळत असावे. नाहीतर त्याने निवेदकाला न्हाणीघरात एकटा बसवला नसता.

लिदिया जॉर्ज यांची १९८८ची ‘द मर्मरिंग कोस्ट’ ही कादंबरी मी यावरचे उत्तर म्हणून वाचतो. जॉर्ज स्वतः लष्करी अधिकाऱ्याची पत्नी म्हणून आफ्रिकेत राहिल्या होत्या. कादंबरीत आधी मोझांबिकमधल्या एका लष्करी विवाहाची नीटनेटकी, लहानशी कथा येते. नंतर त्या कथेतली नववधूच, वीस वर्षांनी, तिचा एकेक टाका उसवते. नवऱ्याचे कृत्य तिला त्याच्या तोंडून नव्हे, लपवलेल्या छायाचित्रांतून कळते. म्हणजे बारमधली गप्प बाई इथे बोलू लागते. सैनिकाच्या दुःखाला इथे जागा थोडी आहे. त्याच्या कृत्याला अधिक. मात्र समुद्रकाठी विषारी मद्य पिऊन मेलेल्या काळ्या माणसांची प्रेते इथेही अबोलच राहतात. उत्तर अर्धेच आहे.

तरीही लोबो आंतुनीश यांचे पुस्तक मला खोटे वाटत नाही. लष्करात गेला की मुलगा ‘पुरुष’ होईल, ही घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांची आशा त्यात आहे. परत येतो तो रिकामा, झोप उडालेला माणूस. त्याला क्षमा मिळत नाही आणि लेखक ती देऊही करत नाही. सकाळ होते, पाहुणी निघून जाते, तो उरतो.

तिच्या जागी आता आपण वाचक बसलेले असतो. सांगणाऱ्याची कीव येणे स्वाभाविक आहे. पण ऐकणाऱ्याचे काम तिथे संपत नाही. दाराआड त्याने कोणाचे नाव घेतले, हे लक्षात ठेवणे आणि त्या नावाची गोष्ट अजून सांगायची राहिली आहे, हे न विसरणे, एवढे तरी आपल्याकडे उरते.