कॅटलॉगमधलं ‘सुमारे’

आमच्या धारूरच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात आजोबांना आलेली एकेचाळीस पत्रं आहेत, बहुतेक पोस्टकार्डं. आजोबा पन्नासच्या दशकात औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकत होते, तेव्हा घरून गेलेली. गेल्या दिवाळीत मी त्यांची स्प्रेडशीट केली. कोणी, कोणाला, तारीख, भाषा, विषय. इंजिनिअरला वाटतं, रकाने पाडले की काम झालं.

नऊ पत्रांवर तारीख नव्हती आणि पोस्टाचा शिक्का पुसलेला. तारखेची जागा रिकामी ठेवली की सॉर्ट बिघडायचा, म्हणून मी वर्ष अंदाजाने टाकलं आणि दिवस सरसकट १ जानेवारी. मग यादी लावून पाहिली तर आमची पणजी दरसाल न चुकता इंग्रजी नववर्षाच्या दिवशी पत्र पाठवत होती! पणजीला अक्षरओळखही नव्हती.

खरे अभिलेखागारवाले अशा वेळी काय करतात हे शोधताना एका जुन्या ओळखीच्या पत्राची नोंद नव्याने वाचली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता, त्याच्या प्रती हव्या होत्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार चालू होता. डू बॉईसनी ३१ जुलैला उत्तर दिलं. दोन्ही कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात आहेत, आणि तुमच्या-माझ्या फोनवर स्कॅन उघडतं.

पत्राबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला बोलायचंय ते त्यावरच्या एका ओळीच्या नोंदीबद्दल. कोणाकडून, कोणाला, आणि पुढे ‘सुमारे जुलै १९४६’. हे ‘सुमारे’ मला फार आवडलं. उत्तर ३१ जुलैचं आहे, म्हणजे पत्र त्याआधीचं, एवढंच खात्रीने म्हणता येतं. नोंद करणाऱ्याने त्यापुढे एक पाऊलही टाकलेलं नाही. आमच्या धंद्यात तारखेच्या रकान्यात ‘सुमारे’ बसत नाही. बसत नाही म्हणून आपण खोटं लिहितो, आणि त्याला डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणतो.

पण याच नोंदीबद्दल माझी एक तक्रारही आहे. तिथे हे पत्र डू बॉईसच्या आयुष्याचा एक कागद आहे. त्यांनी जपलं म्हणून ते टिकलं, त्यांच्या नावाच्या संग्रहात बसलं. बाबासाहेबांच्या बाजूने पाहायला गेलात तर पत्रं ज्याच्या-त्याच्या घरी विखुरलेली. नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांनी जपली ती राहिली. शंकरराव खरातांनी पत्रांचं संपादन केलं. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला तो १९७९ साली, महापरिनिर्वाणानंतर तेवीस वर्षांनी. या माणसांचे उपकार आहेतच. पण छापील संग्रह वाचण्यासाठी असतो. ‘हा मूळ कागद आज कुठल्या कपाटात आहे, आणि त्याचं उत्तर कुठे आहे?’ हा प्रश्न घेऊन गेलं की तो अपुरा पडतो. त्याला दर पत्रामागे एक नोंद लागते.

बर्ट्रांड रसेलचं बघा. त्याने हयातीतच, १९६८ साली, आपले कागद कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाला विकले. तिथल्या पत्रांच्या कॅटलॉगमध्ये आज सव्वा लाखाहून जास्त नोंदी आहेत. लॉर्डांच्या घरात जन्मलेल्या माणसाचे कागद सांभाळायला पिढीजात कपाटं असतात. म्हणून रसेलचं कौतुक करताना मला जरा जड जातं. पण मागायचं तर तेवढंच मागायला हवं, कमी का?

अर्थात सव्वा लाख नोंदींनीही सगळं सापडेल असं नाही. जून १९५२ मध्ये बाबासाहेब मानद पदवी घ्यायला कोलंबिया विद्यापीठात निघाले होते. त्यांचे तिथले गुरू जॉन ड्युई यांना भेटायची ओढ होती. ड्युई १ जूनला गेले. तेव्हा बाबासाहेबांनी सविताबाईंना लिहिलं, की माझं सगळं बौद्धिक आयुष्य मी या माणसाला देणं लागतो. आता याची नोंद करा. कोणाकडून: आंबेडकर. कोणाला: सविता आंबेडकर. शिष्याचं गुरूविषयीचं हे पत्र ड्युईच्या नावाखाली येणारच नाही, कारण ते ड्युईला लिहिलेलंच नाही. आत काय आहे हे कुणीतरी वाचून, समजून, विषयाच्या रकान्यात भरावं लागेल. कॅटलॉग करणं हे वाचनच आहे, आणि वाईट वाचलं की कागद पेटीत असूनही हरवतो.

‘कोणाकडून’ हा रकानाही वाटतो तितका सरळ नाही. नानकचंद रत्तूंनी बाबासाहेबांचं कितीतरी लेखन टाइप केलं. ते हात कुठे लिहायचे? आमच्या पेटीत तर हा प्रश्न प्रत्येक कार्डावर आहे. पणजी सांगायची, दुसरंच कुणी लिहायचं. एकेचाळीसपैकी तीन कार्डं उर्दूत आहेत. लिहिणारा निजामाच्या राज्यात शिकलेला असणार, त्याला तीच लिपी सवयीची. पणजी धारूरच्या मराठीत बोलली, त्याने उर्दूत उतरवलं, आजोबांनी औरंगाबादला वाचलं. मी भाषेच्या रकान्यात आधी ‘उर्दू’ टाकलं होतं. मग ते खोडून दोन रकाने केले, सांगणारी आणि लिहिणारा. नऊ जागी १ जानेवारी काढून ‘सुमारे’ लिहिलं. सॉर्ट बिघडला. बिघडू दे.

ती तीन कार्डं गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडून वाचून घेतली. खुशाली, ज्वारी, पैसे पाठवतो, नीट जेव. तिसऱ्या कार्डाच्या तळाशी दोन ओळी पणजीच्या नव्हत्याच. लिहिणाऱ्याने स्वतःचा सलाम घातला होता आणि विचारलं होतं, की तुमच्या कॉलेजात उर्दूची पुस्तकं आहेत का. खाली नाव नाही. ‘लिहिणारा’ रकाना त्या ओळीत अजून रिकामा आहे. आजोबांनी त्याला काय उत्तर दिलं, ते कार्ड आमच्या पेटीत असणार नाही. असलंच तर त्याच्या घरी असेल.