दोन घरांचे मूल आणि मराठी लेखक

संसार मोडण्याच्या प्रसंगाचे चित्रण मराठी ललित वाङ्मयाने पुष्कळ केले आहे. मोडलेल्या संसारातून जे मूल मागे उरते त्याच्याकडे मात्र आमच्या लेखकांचे लक्ष क्वचितच गेले, असे आम्हांस वाटते. ह्या उपेक्षेचे मूळ बरेच मागे जाते. इब्सेनच्या १८७९ मधील नाटकात नोरा घराबाहेर पडते, दार लागते आणि पडदा पडतो. त्या दाराच्या आवाजाची चर्चा सर्व जगात झाली. आमच्याकडेही अर्धशतकानंतर ती हिरीरीने झाली. परंतु दाराच्या आतल्या बाजूस नोराची तीन मुले होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची वेणीफणी कोणी केली, आई कोठे गेली असे त्यांनी विचारल्यावर बापाने काय सांगितले, ह्याची पृच्छा फारशी कोणी केली नाही. नाटक संपते तेथे मुलांची गोष्ट सुरू होते, ही साधी गोष्ट नाटककारांच्या व टीकाकारांच्याही ध्यानी आली नाही.

मराठीपुरते पाहावयाचे तर ह्या उणिवेला एक कारण कायद्याचे होते. विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी १९३४ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका अचला ही पतीने टाकलेली सुशिक्षित स्त्री आहे आणि तिला मातृत्वाची ओढ आहे. परंतु शास्त्रोक्त विवाह मोडण्याचा मार्ग मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीस त्या वेळी खुला नव्हता. बडोदे संस्थानाने तसा कायदा १९३१ मध्ये केला होता. मुंबई प्रांताने तो १९४७ मध्ये केला. जेथे सुटण्याची वाटच बंद, तेथे लेखिकेची सारी प्रतिभा ती वाट शोधण्यात खर्च व्हावी, हे स्वाभाविक होते. सुटल्यानंतर मुलाचे काय, हा प्रश्न त्या पिढीस पडला नाही म्हणून तिला दोष देणे अन्यायाचे होईल. तो दोष पुढील पिढ्यांचा आहे.

नांदेड व लातूर ह्या भागांस तर मुंबईचा तो कायदाही लाभला नाही. ती गावे त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा घटस्फोटाची कायदेशीर वाट तेथील सर्व हिंदूंना प्रथमच खुली झाली. तथापि ज्यांना आपण मागासलेले म्हणत आलो त्या जातींत काडीमोड आणि पाट ह्या रूढी पूर्वापार होत्या आणि नव्या कायद्यानेही रूढीने मिळणारा घटस्फोट रद्द केला नाही. पांढरपेशा वाचक ज्याला आधुनिक संकट समजतो, त्याचा अनुभव शेजारच्या वस्तीला पिढ्यान्पिढ्या होता.

त्या अनुभवाची साक्ष हवी असेल तर शरणकुमार लिंबाळे ह्यांचे ‘अक्करमाशी’ हे १९८४ चे आत्मकथन पाहावे. अक्कलकोट तालुक्याचा तो मुलूख लातूरपासून फार दूर नाही. लेखकाच्या आईचा काडीमोड झाला आणि तिचे दोन मुलगे नवऱ्याने ठेवून घेतले. ह्या पुस्तकावरील चर्चा बहुधा जातीच्या आणि अनौरसतेच्या अंगाने झाली, आणि ती यथार्थच होती. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पंचांनी नवरा-बायकोचा निवाडा केला आणि त्याबरोबर मुलांचाही परस्पर निकाल लागला. मुले बापाच्या वंशाची, म्हणून ती बापाच्या दारी. आईला ती भेटावीत की नाही, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. प्रस्तुत पुस्तकाचे बळ हे की, तुटलेल्या घराची हकीकत येथे मोठ्या माणसाने मुलाच्या वतीने सांगितलेली नसून त्या घराच्या सावलीत वाढलेल्या मुलानेच सांगितली आहे.

पंचांपेक्षा न्यायालय अधिक सूक्ष्म विचार करते, हे खरे. तरी तेथेही मूल कसे प्रवेश करते ते पाहण्याजोगे आहे. ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’ हा पुण्यातील दांपत्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९७५ मध्ये निकालात निघाला. न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड ह्यांनी लिहिलेला तो निकाल वाङ्मय म्हणूनही वाचनीय आहे. पत्नीची वर्तणूक क्रूरपणाची ठरली. परंतु पतीने ती क्षमा केली असाही निष्कर्ष निघाला आणि त्याची मागणी फेटाळली गेली. क्षमा झाली कशावरून? तर दोघांचा सहवास पुढेही चालू होता आणि ती विभक्त झाली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. म्हणजे जन्मास यावयाचे मूल येथे पुरावा म्हणून दाखल झाले! कायद्याच्या दृष्टीने ह्यात काही वावगे नाही. परंतु ललित लेखकाला ज्या ठिकाणी थांबून पाहावेसे वाटले पाहिजे, ते ठिकाण हेच आहे.

आमच्या भाषेचीही येथे परीक्षा होते. आईबाप मेलेल्या मुलास पोरका म्हणतात. आईबाप जिवंत असून दोन दारी असलेल्या मुलास मराठीत शब्द नाही. शेताचा ताबा असतो तसा मुलाचाही ‘ताबा’ असतो, आणि त्याच्या पोषणास मिळते ती ‘पोटगी’. जणू पोट भरले की पालन संपले. १९५६ च्या कायद्याने बापास प्रथम नैसर्गिक पालक मानले व पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे सांगितले. मात्र मुलाचे हित सर्वांच्या वर, हेही त्याच कायद्याने ठरविले. बाप हयात असतानाही आई पालक होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले. विधी आयोगाने २०१५ मध्ये दोघांनी मिळून मूल वाढविण्याच्या व्यवस्थेची शिफारस केली. कायदा अशा रीतीने ताब्याकडून पालनाकडे हळूहळू सरकत आहे. आमचे कथालेखन अजून ताब्यापाशीच अडखळले आहे.

ह्याला एक सुंदर अपवाद नकळत घडला आहे. मराठवाड्याच्याच मातीतून आलेल्या प्रशांत दळवी ह्यांच्या ‘चारचौघी’ ह्या १९९१ च्या नाटकात थोरली मुलगी टेलिफोनवरून नवऱ्याशी दीर्घ काळ बोलते, तो प्रवेश प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. आपणास तिचे बोलणे तेवढे ऐकू येते. पलीकडचा माणूस काय म्हणतो ते तिच्या उत्तरांवरून ताडावे लागते. नाटककाराने हे स्त्रीचा कोंडमारा प्रकट करण्यासाठी योजिले. पण विभक्त आईबापांचे मूल आयुष्यभर ऐकते ते असेच: एकच बाजू, आणि दुसरी अंदाजाने.

ह्यावर कोणी म्हणेल की, अशा मुलांच्या सुखरूप वाढीच्या कथा लिहिल्याने घटस्फोटास उत्तेजन मिळेल. हा आक्षेप आम्हांस पटत नाही. नांदेडाहून लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या मार्गाने लातूरला जाणाऱ्या एस.टी.त बसून पाहावे. लातूरच्या शिकवण्यांसाठी शेकडो कुटुंबांनी आपले घर दोन ठिकाणी वाटले आहे. आई मुलाला घेऊन भाड्याच्या खोलीत राहते. बाप गावी शेती वा नोकरी सांभाळतो आणि रविवारी डबा घेऊन येतो. फी कोणी भरावयाची, आजारपणात कोणी धावावयाचे, सुट्टीत मूल कोणाकडे, हे सर्व तेथे बिनबोभाट ठरते, आणि त्याला कोणी घर मोडले असे म्हणत नाही. उलट त्या आईबापांच्या त्यागाची तारीफ होते. म्हणजे दोन घरांतून एक मूल वाढविण्याची विद्या ह्या जिल्ह्यांना अवगत आहे. मार्कांसाठी जे साधते ते मुलाच्या मनासाठी का साधू नये?

फरक आहे तो एकाच गोष्टीचा. त्या खोलीतल्या मुलापुढे बापाची निंदा होत नाही. विभक्त घरांत हीच गोष्ट अवघड, आणि कादंबरीचे खरे द्रव्यही येथेच आहे: ज्या माणसाने आपणास दुखविले त्याच्याविषयी त्याच्याच मुलापुढे बरे बोलणे. दार आपटून निघून जाण्यास एक क्षणाचे धैर्य पुरते. ह्या कामास पंधरा वर्षे लागतात, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत.

तेव्हा मराठवाड्यातील तरुण लेखकांस आमची सूचना अशी की, कोर्टाच्या पायरीवर कथा संपवू नये. न्यायाधीशाने भेटीचा वार ठरवून दिल्यावर त्या वारी मूल पिशवीत काय भरते, काय मुद्दाम विसरते आणि एका घरची कोणती गोष्ट दुसऱ्या घरी सांगत नाही, हे लिहावे. असे लेखन झाले तर निवाडा कोणाच्या बाजूने लागला ह्यापेक्षा मूल कसे वाढले, हे विचारण्याची सवय वाचकांस लागेल; आणि ती सवय ज्या घरांस लागेल, तेथील मुलांस आपल्या आईबापांपैकी एकाची निवड करावी लागणार नाही.