देवाबादचे तख्त आणि आपली कादंबरी

जिन्नांच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस कथा मराठीत आणल्या, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्यांतला बादशहा बहुधा न्यायी असे, नाहीतर जुलमी. एस. ए. चक्रवर्ती या अमेरिकन मुस्लिम लेखिकेने ‘द सिटी ऑफ ब्रास’ (2017), ‘द किंगडम ऑफ कॉपर’ (2019) आणि ‘द एम्पायर ऑफ गोल्ड’ (2020) या तीन कादंबऱ्यांत तेच जिन्न घेतले आहेत, पण प्रश्न सत्तेचा मांडला आहे.

देवाबाद हे जिन्नांचे शहर. कैरोत लबाडीवर पोट भरणारी नहरी तिथे येऊन पडते. तख्तावर कहतानी घराणे आहे. त्याचा मूळ पुरुष जैदी याने चौदा शतकांपूर्वी बंड केले ते शफितांसाठी, म्हणजे माणूस आणि जिन्न यांच्या मिश्र रक्ताच्या लोकांसाठी. आज त्याच्याच वंशजांच्या राज्यात शफित चिरडले जातात. राजा घस्सानला हे ठाऊक आहे. जमातींना एकमेकींच्या धाकात ठेवले तरच शांतता टिकते, हा त्याचा हिशेब, आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. मुलांवर त्याची माया आहे. तरी अलीला तो हद्दपार करतो. अली नमाजी, सचोटीचा. गोरगरिबांसाठी म्हणून तो ‘तन्झीम’ला पैसा पुरवतो आणि त्या पैशातून हत्यारे येतात. शूर दाराच्या हातांना तर हुकमाने केलेल्या कत्तलीचे रक्त आहे. लेखिका यांतल्या कोणाला माफ करीत नाही, कोणाला टाकूनही देत नाही.

हसनाबादेत बसून हे वाचताना आम्हाला आपला मराठवाडा आठवला. भोकरदनचा हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा. राज्य आपले म्हणायचे, पण मुसलमान मजुराच्या वाट्याला त्यातले काय आले? रझाकारांनी जुलूम केला. पोलीस कारवाईनंतर त्याची किंमत अनेक निरपराधांनी मोजली. सुंदरलाल समितीने संस्थानभरातील मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला, आणि तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. एवढा ऐवज पडलेला असताना आपल्या कादंबरीत एखादा घस्सान का उभा राहू नये?

मराठी वाचकाला काळ्या-पांढऱ्याच्या मधला रंग कळत नाही, असे थोडेच आहे? शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये दुर्योधनालाही स्वतःच्या तोंडून बोलू दिले. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मध्ये तर धुतल्या तांदळासारखा कोणी शोधूनही सापडायचा नाही. ही मुभा ऐतिहासिक कादंबरीतल्या मुसलमान सत्ताधाऱ्याला मात्र क्वचितच मिळते.

हे गाऱ्हाणे जुने आहे आणि रास्तही. पण आम्ही स्वतः काय केले? 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण दंगल लिहिली, संशय लिहिला, गरिबी आणि तलाकही लिहिला. आपला नायक बहुतेक सोसणाराच. वक्फच्या जमिनीचा मालक होऊन बसलेला मुतवल्ली, मोहल्ल्याच्या मतांचा सौदा करणारा पुढारी, यांच्या मनात शिरून कितीजणांनी लिहिले? हमीद दलवाईंची ‘इंधन’ (1965) आपण अजून पुरती पचवलेली नाही. घरातले उणे दाखवले की बाहेरचा त्याचे हत्यार करतो, ही भीती खरीच आहे. चक्रवर्तींनी तिच्यावर साधा उपाय केला. त्यांच्या शहरात इतक्या तऱ्हेचे मुसलमान आहेत, की साऱ्या कौमचे ओझे कुणा एकाच्या खांद्यावर येत नाही. सावकार, भोंदू, हकीम, भाबडे, सगळेच.

तिसऱ्या कादंबरीत मात्र लेखिकेचा हात सैल पडला आहे. नाहिदांचा सूड घेणारी मनीझेह दुसऱ्या भागात आपल्याला कोड्यात टाकते; तिच्या दुःखाला कारण आहे. तिसऱ्यात ती निव्वळ काळी होते, म्हणजे तिला मारणे सोपे जाते. मग तख्त रिकामे, कारभार मंडळाकडे, आणि नहरी आपल्या इस्पितळात. चौदाशे वर्षांचे वैर इतक्या लवकर टेबलाशी बसते, हे आम्हाला पटले नाही. घस्सान दुसऱ्या भागाच्या अखेरीस मरतो, आणि तिसऱ्या भागात पानोपानी त्याचीच उणीव भासत राहते.