पत्ता कोणाचा? : इंटरनेट-दूरध्वनीच्या स्थाननिवेदनाची चिकित्सा

जुन्या दूरध्वनीव्यवस्थेत प्रत्येक तार एका ठराविक घरी जाऊन थांबत असे. त्यामुळे क्रमांक कळला की पत्ताही कळे. इंटरनेट-दूरध्वनीने हे नाते तोडले. यंत्र एका खोलीतून उचलून दुसऱ्या मजल्यावर जोडले तरी त्याचा क्रमांक तोच राहतो. मग त्यावरून साहाय्याची हाक आली असता मदतपथकाने जावे कोठे? या प्रश्नास दिलेले एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे ‘एलएलडीपी-मेड’ या नावाने ओळखले जाणारे, २००६ सालचे टीआयए-१०५७ हे अमेरिकन मानक होय.

या मानकामागील कल्पना साधी आणि म्हणूनच आकर्षक आहे. यंत्रास स्वतःचे स्थान ठाऊक नसते. परंतु ते ज्या स्विचला जोडलेले असते तो स्विच इमारतीत स्थिर असतो. तेव्हा नेटवर्कच्या व्यवस्थापकाने स्विचच्या प्रत्येक पोर्टापुढे पत्ता नोंदवावा, स्विचने तो यंत्रास कळवावा आणि यंत्राने तो आणीबाणीच्या वेळी पुढे द्यावा. हा पत्ता तीन रूपांत देता येतो : अक्षांश-रेखांश, नागरी पत्ता, अथवा १० ते २५ अंकांचा आपत्कालीन क्रमांक. यांपैकी तिसरे रूप वस्तुतः पत्ता नव्हे. ते अन्यत्र ठेवलेल्या नोंदवहीकडे बोट दाखविते. नागरी पत्त्याची मांडणी आरएफसी ४७७६ या दस्तऐवजास अनुसरते आणि तीत इमारत, मजला व खोली यांना स्वतंत्र स्थान आहे. यंत्रावर कोणताही भार न टाकता एवढा तपशील त्याच्या हाती पोचविणे हे या योजनेचे निर्विवाद यश मानले पाहिजे.

तथापि योजनेचे मर्म, आणि तिची उणीवही, नागरी पत्त्याच्या आरंभी येणाऱ्या एका लहानशा अंकात आहे. पुढील पत्ता कोणाचा, हे तो अंक सांगतो. शून्य असल्यास तो पत्ता पुरविणाऱ्या सर्व्हरचा, एक असल्यास यंत्राला सर्वांत जवळच्या मानलेल्या नेटवर्क-घटकाचा, आणि दोन असल्यास खुद्द यंत्राचा. मानककर्त्यांना हा भेद पुरता ठाऊक होता, याचा हा स्पष्ट पुरावा होय. परंतु अंक कोणता घालावयाचा हे व्यवस्थापकाच्या हाती आहे; आणि ‘दोन’ लिहिल्याने पोर्टाचा पत्ता यंत्राचा होत नाही. स्विचपासून यंत्रापर्यंतची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत जाऊ शकते. वाटेत पॅच पॅनेल असते; तेथे एखादी जोडणी बदलली की चौथ्या मजल्याचे यंत्र दुसऱ्या मजल्याचा पत्ता सांगू लागते. स्विचला याची वार्ताही नसते.

दुसरा आक्षेप काळाविषयी आहे. स्विच आपले निवेदन सामान्यतः दर ३० सेकंदांनी करतो, आणि ते १२० सेकंदांपर्यंत ग्राह्य धरले जाते. वरवर पाहता ही ताजेपणाची हमी वाटते. परंतु ही मुदत निवेदनाची आहे, त्यातील विधानाची नव्हे. कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेला पत्ताही दर अर्ध्या मिनिटाला नव्याने उच्चारला जातो. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, केव्हा पडताळला, हे सांगण्यास या मानकात जागा नाही. याउलट २००५ सालच्या आरएफसी ४११९ ने स्थानासोबत वेळ आणि ते स्थान कोणत्या रीतीने ठरविले, या दोहोंच्या नोंदीस अवकाश ठेवलेला आहे. म्हणजे गरज अज्ञात नव्हती. संक्षेपासाठी ती बाजूस सारली गेली.

पत्ता अद्ययावत ठेवणे ही व्यवस्थापनाची बाब आहे, मानकाची नव्हे, असा प्रतिवाद संभवतो. तो अंशतः खरा आहे. चुकीची नोंद कोणतेही मानक बरोबर करू शकत नाही. परंतु ती संशयास्पद आहे एवढे कळविण्याची सोय मानक करू शकते. पत्ता मुळीच न आल्यास ऐकणारा ‘आपण कोठे आहात?’ असे विचारतो. मजल्या-खोलीसह आलेला चुकीचा पत्ता तो प्रश्नच विचारू देत नाही, आणि बोलणाऱ्याची वाचा बंद झाली असेल तर चूक सुधारण्याची संधीही उरत नाही.

अमेरिकेत २०१८ सालच्या रे बॉम कायद्याने हा विषय कर्तव्याच्या कोटीत आणला. त्याखालील नियमांनुसार बहुवाहिनी दूरध्वनीव्यवस्थेने ९११ वरील हाकेबरोबर मदतपथक नेमके धाडता येईल असे स्थान द्यावयाचे असते. स्थिर यंत्रांस हा नियम ६ जानेवारी २०२१ पासून, तर हलत्या यंत्रांस काही सवलतींसह ६ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पोर्टावरचा पत्ता या कर्तव्याचा आरंभ ठरू शकतो, पूर्ती नव्हे. पॅच पॅनेलवरील प्रत्येक बदलाबरोबर स्विचमधील नोंद बदलणे, आणि प्रत्यक्ष यंत्राजवळ उभे राहून ती ठराविक काळाने पडताळणे, या दोन गोष्टींवाचून ती नोंद केवळ पोर्टाचे चरित्र सांगेल. मदतीची हाक मात्र पोर्ट देत नाही, माणूस देतो.