सह्याद्रीची सकाळ, उसनी चौकट

महाराष्ट्रात सकाळच्या उजेडातली निसर्गछायाचित्रे आज जितकी काढली जातात, तितकी पूर्वी कधी काढली गेली नसतील. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघालेली मंडळी रविवारी फटफटायच्या आत कळसूबाईच्या माथ्यावर, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, राजगडाच्या बालेकिल्ल्यावर ट्रायपॉड लावून उभी असतात. कॅमेरे उत्तम आहेत, लेन्स उत्तम आहेत, एक्स्पोजरचे ज्ञान सर्वदूर पोहोचले आहे. अंधारात दोन-तीन तास चढून जायची हौस आणि चिकाटी तर कौतुक करावी अशीच आहे. तरीही या साठ्यातून मोजकी चित्रे निवडायला बसले की हात अडखळतो. ती वाईट नसतात, पण एकाच्या जागी दुसरे ठेवले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही इतकी सारखी असतात. कड्याच्या टोकावर पाठमोरा माणूस, खाली ढगांचा समुद्र, वर नारिंगी आकाश.

या सारखेपणाचे कारण आळसात शोधू नये. ते नजरेत आहे. सकाळचा डोंगर कसा दिसावा याची जी चौकट आपल्या मनात बसली आहे, ती ज्या डोंगरांवर घडली तिथे उजेड वेगळ्या बाजूने येतो.

ती चौकट मुख्यतः अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वताने दिली. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे १९४४ चे लोन पाइन गावाजवळचे हिवाळी सूर्योदयाचे छायाचित्र या परंपरेचा कळस मानता येईल. मागे बर्फाच्छादित शिखरे उजळलेली, मध्ये काळीशार टेकडी, पुढे कुरणावर उन्हाचा एक पट्टा आणि त्यात चरणारा घोडा. त्यासाठी अ‍ॅडम्स कडाक्याच्या थंडीत सलग काही पहाटे तिथे जात राहिले, आणि पाचव्या दिवशी ऊन, ढग आणि घोडा यांचा मेळ जमला. पुढे गेलन रॉवेल यांनी त्याच पर्वताला रंग दिला. १९८६ च्या ‘माउंटन लाइट’ या पुस्तकात त्यांनी पहिल्या किरणांनी गुलाबी होणारी शिखरे, गडद आकाश आणि त्यांचा समतोल साधणारे श्रेणीबद्ध फिल्टर यांची एक पद्धतच मांडली. १९९० मध्ये फुजीची वेल्विया फिल्म आली आणि तिने रंग आणखी गडद केले. आज फोनमधल्या तयार फिल्टरपर्यंत पोहोचलेला सोनेरी रंग याच वाटेने आला आहे.

पण सिएराचा उभा, तुटलेला कडा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य वाळवंटाच्या बाजूने उगवतो आणि त्याचे पहिले किरण थेट त्या कड्यावर पडतात. सह्याद्री नेमका उलटा आहे. त्याची पूर्वेकडची बाजू उतरत उतरत पठाराला मिळते आणि तुटलेली भिंत पश्चिमेला, कोकणाकडे आहे. सकाळी आपल्याकडचा सर्वांत नाट्यमय भाग, म्हणजे कोकणकडा आणि घाटमाथ्याची सारी कडेलोट धार, सावलीत असते. तिथे सोनेरी ऊन येते ते संध्याकाळी. त्यामुळे कोकणकड्याच्या भिंतीवर सकाळचे कोवळे ऊन दाखवणारे चित्र समोर आले, तर एक तर त्याखाली वेळ चुकीची लिहिलेली आहे, नाहीतर रंग नंतर भरलेला आहे.

दुसरा फरक अवधीचा आहे. ‘गोल्डन अवर’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, पण पुण्याच्या अक्षांशावर सूर्य बराच उभा चढतो. क्षितिजापासून ६ अंशांपर्यंत यायला त्याला साधारण २५ ते ३० मिनिटे पुरतात. विषुवदिनाच्या सुमारास एडिंबरोत तेवढ्याच चढाईला ४० मिनिटांहून अधिक लागतात, आणि डिसेंबरात तर तिथे भर दुपारीही सूर्य जेमतेम १० अंशांवर असतो. पुण्यात त्याच दिवसांत तो दुपारी जवळपास ४८ अंशांवर असतो. उत्तरेकडचा छायाचित्रकार हिवाळ्यात दिवसभर तिरप्या उजेडात काम करू शकतो. आपल्या हाती अर्धा तास असतो. म्हणून तिकडच्या पुस्तकांतला ‘हळूहळू शोधत जा’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. इथे जागा आधी पाहून ठेवावी लागते. कोणत्या महिन्यात सूर्य कोणत्या सुळक्यामागून वर येतो हे माहीत असावे लागते. म्हणजे ही कला आपल्याकडे परिचयावर उभी राहते, आणि रविवारच्या पहिल्या भेटीत परिचय होत नाही.

मग सह्याद्रीच्या सकाळकडे देण्यासारखे काय आहे? भरपूर आहे. सूर्य पाठीशी असल्यामुळे सह्याद्रीची स्वतःचीच सावली कोकणावर पडते आणि ऊन चढते तशी ती मागे सरकत येते. दऱ्यांत धुके साचलेले असेल तर त्या सावलीला कड आणि पोत दोन्ही मिळतात. याच रचनेतून इंद्रवज्र दिसते: पाठीमागे सूर्य, समोर खाली धुके आणि त्यावर गोलाकार इंद्रधनुष्य. हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या या दृश्याची नोंद कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानाविषयीच्या १८३५ च्या लेखनात केली आहे. सूर्योदय टिपायला पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या गर्दीच्या पाठीमागे हे घडत असते. राजगडाचीही गोष्ट अशीच. बालेकिल्ल्यावरून सुवेळा माचीकडे पाहताना बहुतेकांची फ्रेम सूर्याच्या बिंबावर रोखलेली असते. बिंब वर आल्यानंतरच्या काही मिनिटांत माचीच्या तटबंदीवर तिरके ऊन पडते, एकेक बुरूज सुटा होतो आणि बांधकामाची लय दिसू लागते. तोवर पुष्कळ ट्रायपॉड आवरले गेलेले असतात. कोकणातून वर पाहणाऱ्याला तर वेगळेच चित्र मिळते: सूर्य उशिरा डोंगराच्या वर येतो, धारेला उजेडाची किनार लागते आणि खिंडीखिंडीतून किरणांचे पट्टे खाली उतरतात. या विषयांवर सुटी, चांगली चित्रे झाली आहेत. सलग, विचारपूर्वक केलेले काम मात्र विरळ आहे.

हवेच्या पोताकडेही आपण नीट पाहिलेले नाही. पावसाळा ओसरल्यावर धुतलेल्या हवेत सकाळचे रंग स्वच्छ असतात. हिवाळ्यात जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि त्यात धूळ, चुलींचा धूर, उसाच्या फडातले पाचट जाळल्याचा धूर अडकून राहतो. ‘धुक्याचे थर’ म्हणून वाखाणल्या जाणाऱ्या कितीतरी चित्रांत धुके थोडे आणि धूर अधिक असतो. हे कण मोठे असल्याने आकाशाचा रंग खुलत नाही, मळकट होतो. मग तो संगणकावर खुलवला जातो. जे खरोखर हवेत आहे ते दाखवणे हीसुद्धा निसर्गचित्रणाची जबाबदारी आहे. साखरपट्ट्यातली जानेवारीची सकाळ तिच्या धुरासकट टिपणारी चित्रमालिका मला या घडीला फार मोलाची वाटेल. आणि पावसाळ्यात सोनेरी काही नसतेच. तेव्हाचा सह्याद्री करड्या-हिरव्या, सावली नसलेल्या उजेडात असतो. आपल्या छायाचित्रकारांचे सर्वांत अस्सल काम मला याच ऋतूत दिसते, कारण या उजेडासाठी उसनी चौकट उपलब्धच नव्हती. ढग उतरल्यावर कडा किती उरतो आणि किती पुसला जातो, हे ज्याने त्याने स्वतः पाहून शोधले.

या कलेचा नकाशाही अरुंद आहे. तो घाटमाथ्यावर सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. सोलापूर, नगर, इंदापूरकडचे माळ, जिथे लांडगे फिरतात आणि नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य करावे लागले, तिथली छायाचित्रे प्राण्यांची असतात, माळाची नसतात. वास्तविक सकाळच्या आडव्या उजेडाला माळासारखी जागा नाही. कुसळी गवताचे प्रत्येक टोक मागून उजळते, मेंढरांच्या खुरांची धूळ उन्हाला आकार देते आणि जमिनीचा सौम्य चढउतार, जो दुपारी डोळ्याला जाणवतही नाही, सावल्यांनी उलगडतो. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर हा दुसरा दुर्लक्षित विषय. सकाळी तिथे पश्चिमेची कड आधी उजळते आणि ऊन भिंतीवरून पायरीपायरीने तळ्याकडे उतरते. २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा चित्रांचा पूर आला, पण विवराचा हा रोजचा प्रकाशक्रम फारसा कोणी मांडला नाही. कोकणकिनाऱ्याचेही तसेच. तिथे सूर्य समुद्रात बुडतो म्हणून किनारा संध्याकाळचा ठरला. सकाळी मात्र माडांच्या वरून आलेले ऊन पाण्यावर आणि रापण ओढणाऱ्या माणसांच्या अंगावर समोरून पडते. चेहरे, दोरे, जाळे, ओली वाळू, सगळे एका उजेडात येते.

जिथे गर्दी होते तिथे कलेची किंमत निसर्गही मोजतो. कासच्या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस सीतेची आसवे, गेंद, तेरडा फुलतात. दव असलेले फूल खालच्या कोनातून टिपण्यासाठी आडवे पडणारा माणूस शेजारची शंभर फुले चिरडतो. प्रवेशावर संख्येची मर्यादा उगाच आली नाही. भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्ष्यांच्या थव्यात नाव घालून ते उडवले जातात, कारण उगवत्या सूर्यासमोर उघडलेले गुलाबी पंख हवे असतात. अशा चित्राचे कौतुक करताना परीक्षकांनी आणि संपादकांनी पक्षी का उडाला हे विचारायलाच हवे. ज्या उजेडासाठी एवढी धडपड, त्याच वेळी पक्षी चरत असतात, ही गोष्ट कलाकाराने विसरून चालत नाही.

परकी नजर घेऊन निसर्गाकडे जाण्याचा इतिहास जुना आहे. १८६० च्या दशकात हिमालयात काचेच्या जड प्लेटा वाहून नेणाऱ्या सॅम्युएल बोर्नने अजोड काम केले, पण हिमालय स्वित्झर्लंडसारखा चित्रमय नाही अशी तक्रारही त्याने लिहून ठेवली. आपल्याकडे मात्र याहून वेगळी परंपरा हाताशी आहे, आणि ती चित्रकारांची आहे. आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचे कोटितीर्थ आणि त्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. ओळखीच्या पाण्यावर, ओळखीच्या झाडांवर बदलणारा उजेड हाच त्यांचा विषय होता. चंद्रकांत मांडरे यांच्या निसर्गचित्रांतही गावाकडची वाट, ओढा, झाडी साध्या उजेडात येतात आणि त्यांना भव्य व्हावे लागत नाही. रघुबीर सिंह यांनी रंगीत छायाचित्रणात हेच दुसऱ्या बाजूने सिद्ध केले. त्यांच्या भारतात निसर्ग क्वचितच निर्मनुष्य असतो, आणि रंग हा सजावटीचा भाग नसून जगण्याचा असतो. आपले निसर्गछायाचित्रण मात्र माणूस फ्रेममधून निघून जाण्याची वाट पाहते, किंवा त्याला कड्यावरची पाठमोरी आकृती करून टाकते. सह्याद्रीत माणूस नसलेली सकाळ शोधावी लागते. पाणी भरणारी, गुरे सोडणारी, लाकडाची मोळी घेऊन घाट चढणारी माणसे या भूदृश्याची घडण आहेत.

आता प्रश्न सचोटीचा. ऑक्टोबर २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची सोय आली, २०२३ मध्ये हवे ते निर्माण करून भरण्याची. ‘अ‍ॅडम्सही बदल करतच होते’ असे समर्थन ऐकू येते आणि त्यात तथ्य आहे. लोन पाइनच्या त्या चित्रातल्या टेकडीवर गावच्या शाळेतल्या मुलांनी गावाची आद्याक्षरे मांडली होती, ती अ‍ॅडम्स यांनी काढून टाकली, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पण त्या चित्रातले ऊन खरे होते. त्या उन्हासाठी ते पुन्हा पुन्हा थंडीत उभे राहिले. आकाश बदलणारा नेमके तेच बदलतो ज्यासाठी पहाटे उठायचे असते. सकाळचे छायाचित्र म्हणजे एका जागेवर एका वेळी उजेड कुठून आणि कसा आला याची साक्ष. ती साक्षच काढून घेतली तर सुंदर चित्र उरेल, पण त्याला सकाळचे छायाचित्र म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये लायकाने छायाचित्राच्या उगमाची खूण फाइलमध्येच नोंदवणारा कॅमेरा आणला. अशा सोयी हळूहळू पसरतील. तोवर चित्राखाली जागा, महिना, वेळ आणि आकाशाशी केलेली छेडछाड लिहिण्याची शिस्त आपल्या प्रदर्शनांनी आणि स्पर्धांनी आजच लावून घ्यायला हरकत नाही.

शेवटी समीक्षेचा मुद्दा. चित्रकला, नाटक, सिनेमा यांच्यावर मराठीत गंभीरपणे लिहिले गेले. निसर्गछायाचित्रणाच्या वाट्याला कौतुक आले, चिकित्सा फार कमी आली. दिवाळी अंकात छायाचित्र मजकुराच्या सोबतीला येते, कॅलेंडरवर महिन्याच्या सोबतीला. २०१० मध्ये आलेल्या उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’सारखे गडकिल्ल्यांच्या हवाई छायाचित्रांचे पुस्तक घराघरांत चाळले गेले, पण एका कल्पनेभोवती बांधलेली अशी पुस्तके कमीच निघाली. फोनच्या पडद्यावर क्षणभर थांबणारे बोट चित्राला न्याय देऊ शकत नाही. छापील आकारात, एकामागून एक, भिंतीवर पाहिल्याशिवाय चित्रमालिकेचा विचार कळत नाही आणि छायाचित्रकारालाही आपण स्वतःची किती पुनरावृत्ती करतो ते उमगत नाही.

म्हणून मागणी सोपी आहे. सुट्या विजयी चित्रांना बक्षिसे देण्याबरोबर एका जागेवरच्या वर्षभराच्या कामाला बक्षीस द्यावे. कार्यशाळांत सेटिंग शिकवण्याआधी इथल्या डोंगराची दिशा आणि सूर्याची वाट शिकवावी. समीक्षकांनी रंगाच्या गडदपणाला भुलू नये. उजेड कुठून आला, का आला आणि छायाचित्रकार तिथे किती वेळा आला होता हे विचारावे. जो कोणी आपली पुढची काही वर्षे एकाच माळाला, एकाच खाडीला किंवा एकाच माचीला देईल, त्याच्या कामातून महाराष्ट्राची सकाळ तिच्या स्वतःच्या उजेडात दिसेल. ते काम ओळखून त्याला भिंत, पान आणि शब्द मिळवून देणे हे आपणा पाहणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे काम आहे.