घराएवढी मच्छरदाणी

कवितेची समीक्षा करणारे गल्लोगल्ली आहेत. मच्छरदाणीची समीक्षा करणारा मात्र अजून निपजलेला नाही. ही उणीव बँकेतल्या कारकुनाने भरून काढावी हे रीतसरच आहे. जाळीमागे बसून डोके शांत ठेवण्याची परंपरा आमच्या खात्यात जुनी आहे.

विषय आहे फ्लॉरिडातला 'पूल केज'. घरामागे पोहण्याचा हौद आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला ताणून बसवलेली जाळी. म्हणजे मच्छरदाणीत शिरायचे ते झोपायला नव्हे, पोहायला! जाळी फायबरग्लासची, नेहमीची असेल तर इंचाला एका बाजूने १८ आणि दुसऱ्या बाजूने १४ धागे. त्यातूनही घुसणाऱ्या चिलटांसाठी २० बाय २० ची दाट जाळी मिळते. डास आणि पालापाचोळा बाहेर, यजमान पिंजऱ्यात. प्राणिसंग्रहालयाची ही उलटी आवृत्ती कल्पना म्हणून मला फार आवडली.

माझा आक्षेप आहे तो पिंजरा बदलताना होणाऱ्या मूल्यमापनावर. टँपाला राहणाऱ्या आमच्या भाच्याने तीन ठेकेदारांची कोटेशने मागवली आणि 'मामा, तू बँकेतला, जरा नजर टाक' म्हणून मला पाठवली. तिन्हींत जाळीचे वर्णन पैठणीसारखे! रंग काळा की करडा, पोत कसा, हमी किती. स्क्रूचे नाव एकाही कागदावर नाही.

वाचकहो, नाटक पडते ते पडद्यामुळे नव्हे, संहितेमुळे. पिंजऱ्याची संहिता म्हणजे स्क्रू. ॲल्युमिनियममध्ये साधा पोलादी स्क्रू बसवला आणि त्याला खारी हवा लागली, की दोन धातूंचे सासू-सुनेसारखे पटेनासे होते आणि गंज धरतो. नुसती जाळी फाटली तर खाचेतली रबरी दोरी उपसून नवी ताणता येते. हा झाला महसुली खर्च. सांगाडा आणि पायाचे बोल्टच गेले असतील तर खर्च भांडवली. गंजक्या सांगाड्यावर नवी जाळी चढवणे म्हणजे बुडीत खातेदाराला नवे कर्ज देणे. कागद छान दिसतात, एवढेच.

त्या प्रांतात ऑडिट करायला वादळ येते. २००४ च्या ऑगस्टात 'चार्ली' आले, २०२२ च्या सप्टेंबरात 'इयन'. जाळीला भोके असली तरी सगळा वारा पार होत नाही. बराच भार सांगाड्यावर येतो. १९९२ च्या 'अँड्र्यू'ने हाहाकार केल्यावर राज्यभराची एकच बांधकाम-संहिता तयार झाली आणि ती २००२ साली लागू झाली. तेव्हा पिंजरा त्याआधीचा असेल, तर 'जुन्यासारखाच नवा करून द्या' हे वाक्य घरमालकाने गिळून टाकावे.

आणि दार? २००० सालच्या कायद्याने घरगुती नव्या हौदांना लहान मुलांच्या सुरक्षिततेची सोय सक्तीची केली. पिंजरा हा त्यातला एक मार्ग. पण दार आपोआप मिटत नसेल आणि कडी पोराच्या हाताला लागत असेल, तर तो पिंजरा कसला? भाच्याची मुलगी तीन वर्षांची आहे. डास चावला तर मलम आहे. दार उघडे राहिले तर कसलेच मलम नाही.

तेव्हा परीक्षकाचा निकाल असा : जाळीला उत्तेजनार्थ, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूला दुसरे आणि मुकाट्याने मिटणाऱ्या दाराला पहिले पारितोषिक.