शेवटच्या मिनिटाचा मित्र

विक्रमादित्य मोटवानेचा 'कंट्रोल' (2024) पाहिला आणि चिडचिड झाली. सिनेमा वाईट आहे म्हणून नव्हे. हुशार आहे, चटपटीत आहे. पण नेला नावाच्या त्या मुलीला चाहत्यांची फौज, दगाबाज प्रियकर आणि गोडबोलं ॲप एवढं सगळं दिल्यावर शाळेपासून तिला ओळखणारी, तोंडावर 'मूर्ख आहेस' म्हणणारी मैत्रीण काही कथेच्या मध्यावर येत नाही. उद्याच्या जगाबद्दलच्या बहुतेक गोष्टींचं आता हेच झालं आहे. माणूस एकटा पडतो, यंत्र बोलायला लागतं आणि दिग्दर्शक स्वतःच यंत्राच्या प्रेमात पडतो.

'हर' (2013) घ्या. थिओडोर दुसऱ्यांची पत्रं लिहून पोट भरतो आणि संगणकातल्या बाईच्या आवाजावर जीव लावतो. ती त्याच वेळी 8,316 जणांशी बोलते आहे आणि त्यांतल्या 641 जणांवर तिचं प्रेम आहे, हे कळल्यावर कोसळतो. मग उरते कोण? एमी. कॉलेजपासूनची मैत्रीण, त्याच इमारतीत राहणारी. दोघं गच्चीवर जातात आणि सिनेमा संपतो. अहो, खरी गोष्ट तिथून सुरू व्हायची होती! दोन तास आवाजाला आणि शेवटचा मिनिट मैत्रिणीला, हा हिशेब मला पटत नाही. 'ब्लॅक मिरर'बद्दल तर बोलायलाच नको. दर भागाला नवं उपकरण आणि जुनीच भीती.

या सगळ्यांवर उतारा म्हणून मी काझुओ इशिगुरोच्या 'नेव्हर लेट मी गो'कडे (2005) पुन्हा पुन्हा जातो. ती काही भविष्यातली गोष्ट नाही, विसाव्या शतकाच्या अखेरच्या, जरा वेगळ्या इंग्लंडची आहे. अवयव काढून घेण्यासाठीच वाढवलेली मुलं हेल्शम नावाच्या शाळेत शिकतात आणि एकेक करून संपतात. पण इशिगुरोला शस्त्रक्रियेत रस नाही, कंपासपेटीत आहे. रूथकडे नवी कंपासपेटी येते. ती आपल्याला लाडक्या बाईंनी दिली, असं ती न बोलता सुचवत राहते. कॅथीला संशय येतो. शाळेतल्या विक्रीची वही आपण चाळली, एवढंच ती सहज बोलावं तसं बोलते. रूथचा चेहरा पडतो आणि जिंकलेल्या कॅथीलाच स्वतःची लाज वाटते. पुढे दुसरी मुलगी त्या पेटीबद्दल खोदून विचारते, तेव्हा हीच कॅथी मध्ये पडून रूथचं खोटं सांभाळून घेते.

जुनी मैत्री म्हणजे हेच. समोरच्याचं खोटं ठाऊक असणं, आणि ते कधी उघडं पाडायचं नाही तेही ठाऊक असणं. मोठेपणी रूथ हेल्शममधल्या साध्या साध्या गोष्टी विसरल्याचं नाटक करते, त्याचा कॅथीला जो संताप येतो तो कुठल्याही यंत्राला येणार नाही. आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक मरणासन्न दाता येतो. स्वतःचं बालपण त्याला आठवायचंही नसतं. तो कॅथीला हेल्शमबद्दल विचारत राहतो, कारण तिच्या आठवणी त्याला आपल्याशा करून घ्यायच्या असतात. आपलं म्हणावं असं काही नसलेला माणूस दुसऱ्याचं उसनं मागतो. एवढ्या दोन पानांसाठी मी 'ब्लॅक मिरर'चे सगळे सीझन ओवाळून टाकीन.

एमिली सेंट जॉन मँडेलच्या 'स्टेशन इलेव्हन'मधला क्लार्कही याच जातीचा. साथीनंतर तो विमानतळावरच अडकून राहतो, बंद फोन आणि क्रेडिट कार्डं जमवून संग्रहालय मांडतो. ज्या नटमित्राच्या दिखाऊपणाचा त्याला वीट आला होता, त्याची आठवणही त्यालाच वागवावी लागते.

आपल्याकडे मात्र कामाची वाटणीच झाली आहे. मैत्री मागे पाहणाऱ्यांकडे, भविष्य विज्ञानकथाकारांकडे. 'दुनियादारी' (2013) आणि 'क्लासमेट्स'पासून (2015) कट्टा म्हणजे हळहळण्याची जागा झाली. 'झिम्मा'ने निदान उतारवयातही नवी मैत्री होते हे दाखवलं, पण त्यासाठी बायकांना थेट इंग्लंडला न्यावं लागलं. जयंत नारळीकरांनी 1974 साली नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' लिहून स्पर्धेला पाठवली. त्यांना कल्पना वाचकापर्यंत पोहोचवायची होती, ती त्यांनी उत्तम पोहोचवली. मागून आलेल्यांनी मात्र तेवढाच साचा उचलला. दिवाळी अंकातल्या विज्ञानकथेत दोन मित्र बऱ्याच वर्षांनी भेटतात ते एकाने दुसऱ्याला शोध समजावून द्यावा म्हणून. एक प्रश्न विचारतो, दुसरा प्रयोगशाळेचं दार उघडतो. चहासुद्धा धड पीत नाहीत.

तुटलेलं जग पाहायला आपल्याला 2070मध्ये जायची गरजच काय? 1982च्या संपानंतर गिरणगाव विस्कटलं. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने त्यातलं एक घर दाखवलं. पुढचा अंक कुणी लिहिलाच नाही, आणि तो आज समोर चालू आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतला माणूस 160 चौरस फुटांच्या खोलीतून चाळीस मजली टॉवरमधल्या 500 चौरस फुटांत जातो. ते घर त्याचा हक्कच आहे. सामायिक संडासाच्या रांगेवर गहिवरणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. पण व्हरांडा गेला. आता तिसऱ्या मजल्यावरच्याला एकतिसाव्यावरच्या मित्राकडे जायचं तर ठरवून जावं लागतं. चाळीत न ठरवता भेटणाऱ्यांना ठरवून भेटणं जमेल का, एवढ्या प्रश्नावर एक अख्खी कादंबरी उभी राहील.

'यात विज्ञान कुठंय?' असं संपादक विचारतील. ते पेन्शनीत आहे, महाराज. हयातीचा दाखला आता मोबाइलला चेहरा दाखवून काढता येतो. समजा, म्हाताऱ्याचा चेहरा फोनला ओळखता आला नाही. शेजारी बसलेला मित्र चाळीस वर्षांच्या ओळखीवर 'हा तोच' म्हणून सांगेल, शिवी घालून सांगेल, पण ॲपमध्ये त्याला विचारायची सोय नाही. आमच्या विज्ञानकथाकाराने या दोघांना घ्यावं, पहिल्या पानापासून घ्यावं, आणि मंगळावर नंतर जावं.